पुढच्याच्या हातचं पाणी

“पण बाबा, तिला पहिला नंबर दिला तर तुमचं जातं काय?”

दावलबाबा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला नाही.

“माझं काय जाणार? पण रांग सोडून आली, तर ती पाणी कुणाच्या हातून पिणार?”

श्रीपाल उपाध्येला हे उत्तर कळलं नाही. हायवेवरच्या मोठ्या हॉस्पिटलात परदेशी पेशंटचं खातं तो सांभाळायचा. विमानतळावरून आणणं, ऑपरेशन, हॉटेल, एक दिवस खरेदी आणि परतीचं विमान हे सगळं एकाच दरात बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. न कळण्याची त्याला सवयच नव्हती.

हॉस्पिटलच्या मागच्या टेकाडावर बाबांचा तकिया, फकिराचं ठाणं. पत्र्याची ओसरी, एक रांजण, एक पितळी पेला. मोठ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लोक इथं येऊन घोटभर पाणी पितात.

बाबा स्वतः कुणालाच पाणी देत नाहीत. रांगेत जो पुढे असतो तो पितो, मग पेला भरून मागच्याला देतो. मागचा त्याच्या मागच्याला. संध्याकाळी जो शेवटचा राहील, त्यानं दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला येऊन पहिल्याला पाणी द्यायचं. म्हणून पेशंटच्या मागे घरचं कुणीतरी उभं राहतं. ते पितं, आणि शेवटचं राहिलं तर सकाळी तेच येतं. हा नेम बाबांच्या गुरूंच्याही आधीपासूनचा आहे.

श्रीपालला असले नेम म्हणजे पोरखेळ वाटायचे. पण खाली गाडीत झुहुरा बसली होती. झांझिबारहून एकटी आलेली मास्तरीण. उद्या आठला तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. ती तारीख श्रीपालनं मोठ्या खटपटीनं मिळवली होती. आणि बाई म्हणत होती, त्या टेकडीवरचं पाणी प्यायल्याशिवाय मी कागदावर सही करणार नाही. तिच्या गावच्या कुणीतरी तिला सांगितलं होतं.

“बाबा, स्पष्टच बोलतो. आमच्या पेशंटसाठी दर बुधवारी अर्धा तास राखून ठेवा. रांग नको. बदल्यात ओसरी पक्की बांधून देतो.”

“ती एवढ्या लांब कशाला आली?”

“इथं स्वस्त पडतं म्हणून.”

“आणि ती?”

बाबांनी रांगेच्या टोकाकडे मान केली. तिथं हौसाबाई उभी होती, ऑपरेशनच्या तारखेची वाट बघणारी. हातात कागदांनी फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी.

“ती इथलीच. चार कोसांवरची. तिला कसं पडतं?”

“…महाग.”

“दर एकच?”

“नाही. बाहेरच्यांना तिप्पट.”

“म्हणजे जी तिप्पट देते तिला स्वस्त. आणि जिला तिसऱ्या हिश्श्यात मिळतं तिला महाग.”

“ते तसं नसतं बाबा. त्यांच्या देशात…”

श्रीपाल अडला. हेच तो दर महिन्याच्या मीटिंगमध्ये पडद्यावर आकडे टाकून समजावायचा, आणि लोक माना डोलवायचे. आज तेच वाक्य त्याला पुरं करता येईना.

“मी अडाणी माणूस,” बाबा म्हणाले. “तू सांग, मी ऐकतो.”

“असं बघा. त्यांच्याच पैशावर आमच्या बारा धर्मादाय खाटा चालतात. गरिबांसाठीच्या. ते आले नाहीत तर त्या बंद पडतील.”

“हे चांगलं आहे.”

“तेच तर म्हणतोय.”

“मग हौसाबाईला त्यातली एक दे.”

“…सध्या रिकामी नाही.”

“कोण आहे त्यांच्यावर?”

श्रीपालनं रुमाल काढून मान पुसली.

“बाहेरच्या पेशंटचे नातेवाईक. हॉटेल भरलंय. सीझन आहे.”

बाबा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं श्रीपालला वाटलं. त्याला लाज वाटत होती. नेमकी कशाची ते कळत नव्हतं, म्हणून रागही येत होता. सगळे आकडे बरोबर होते. प्रत्येक आकडा त्यानं स्वतः तपासला होता.

“तुझ्या पेशंटच्या घरचं कोण आलंय?” बाबांनी विचारलं.

“कुणी नाही. एकटीच आहे.”

“मग तिला उभी कर. आणि तिच्या मागे तू राहा.”

“मी? मी तर…”

बाबांनी पुन्हा सुपारी हातात घेतली. बोलणं संपलं होतं.

उन्हं उतरत होती. झुहुरा धापा टाकत टेकाड चढली आणि हौसाबाईच्या मागे जाऊन उभी राहिली. तिच्या मागे श्रीपाल, कडक इस्त्रीच्या शर्टात.

हौसाबाईनं वळून बघितलं.

“सायेब, तुमी इथं? तुमीच ना आतल्या खोलीत फायली बघता?”

“हो, मावशी.”

“मी या ओसरीवरच ऱ्हाते, पंधरा दिस झालं. तारीख मिळाली की लगेच हजर व्हाया बरं. रोज सकाळी पयला नंबर माझाच. आज तेवढी दवाखान्याच्या खिडकीवर गेल्ते म्हनून मागं पडले.”

“काय म्हणाले खिडकीवर?”

त्याला उत्तर ठाऊक होतं. तरी त्यानं विचारलं, का ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

“उद्याची होती माझी तारीख. ती गेली म्हनले. परवा या म्हनले. परवा गेलं की पुन्यांदा परवा.” तिनं झुहुराकडे बघितलं. “हिचं काय? काळजाचंच का?”

“हो.”

“कवा हाय?”

“…उद्या.”

हौसाबाईनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. तिला समजलं की नाही? श्रीपालनं तिच्या चेहऱ्यावर शोधून पाहिलं. चेहरा दमलेला होता. बाकी काही त्याला वाचता आलं नाही.

तिचा नंबर आला. पुढच्या माणसाच्या हातून तिनं पाणी घेतलं, डोळे मिटून प्यायली. मग पेला रांजणात बुडवला, काठोकाठ भरला, आणि सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी झुहुरापुढे धरला.

“पी बाई. भिऊ नगंस. डाक्टरच्या हाताला गुन हाय म्हनत्यात.”

झुहुरानं श्रीपालकडे बघून इंग्रजीत विचारलं, “ही काय म्हणाली?”

“पी म्हणाली,” श्रीपालनं सांगितलं. उरलेलं त्याला सांगता आलं नाही.

झुहुरा प्यायली. जाताना हौसाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ओसरीच्या कोपऱ्यात आपल्या वळकटीला टेकून बसली.

मग झुहुरानं पेला भरला आणि वळली.

“मला नको,” श्रीपाल म्हणाला. “मी बरा आहे.”

ती तशीच उभी राहिली. तिनं पेला त्याच्यापुढेच धरला. श्रीपालच्या लक्षात आलं. तो प्यायला नाही तर शेवटची ती. सकाळी आठला तिनं इथं यायचं. आणि नेम मोडायला तिला सांगितलं, तर ती सही करायची नाही.

त्यानं पेला घेतला आणि पाणी पिऊन टाकलं. साधंच पाणी होतं. रांजणाच्या मातीचा वास तेवढा होता.

सवयीनं नव्हे, सगळ्यांचं बघून, त्यानं पेला पुन्हा भरला आणि वळला.

मागे कुणी नव्हतं.

तो भरला पेला घेऊन उभा राहिला. बाबा उठले. त्याच्या हातातला पेला घेऊन पाणी तुळशीच्या आळ्यात ओतलं, पेला पालथा घातला, रांजणावर झाकण ठेवलं.

“बाबा,” श्रीपाल म्हणाला, “उद्या आठला मला हिच्याजवळ थांबावं लागेल. हिचं इथं दुसरं कुणी नाही. हिला एकटीला कसं आत पाठवू?”

“खरं आहे.”

“आणि इथंही आठलाच.”

“तेही खरं आहे.”

“मग मी करू काय?”

बाबा अडकित्ता पुसत राहिले.

श्रीपालनं खाली हॉस्पिटलकडे बघितलं. दिवे लागले होते. आयुष्यात किती गोष्टींची सोय त्यानं लावली होती, आणि ही एक लागेना.

“…बाबा, उद्याच्या ऐवजी परवा आलो तर चालेल?”

“मला काय विचारतोस? हौसाबाईला विचार. सकाळी पहिली तीच असते.”