लपवलेला खांदा

ज्या काळी राज्याची सीमा डोंगराच्या कड्याने आखलेली असे आणि त्या कड्यावर माणसं उभी राहून पहारा देत, त्या काळात घडलेली ही गोष्ट. थोरांनी ऐकावी, पोरांनीही ऐकावी. सांगताना माझा आवाज चढेल. चढू द्या. ही गोष्ट शांतपणे सांगणं मला कधी जमलेलं नाही.

त्या राज्याच्या उत्तर टोकाला एक किल्ला होता. तिन्ही बाजूंनी सरळ तुटलेला कडा आणि एका बाजूने अवघड चढण. पलीकडच्या राजाने त्या वर्षी फौज जमवायला सुरुवात केली, म्हणून किल्लेदाराने नवी माणसं भरती करायला गावोगाव हवालदार पाठवले.

भरतीचा एक जुना नियम होता. नाव लागण्याआधी प्रत्येकाने किल्ल्यावरच्या वैद्यबुवांसमोर उभं राहायचं, तलवारीवर हात ठेवायचा आणि आपल्या देहाची हकिगत खरी खरी सांगायची. कधी हाड मोडलं का, सांधा निखळला का, आकडी येते का, दम लागतो का. वैद्यबुवा ते लिहून घेत आणि कोणी कुठे उभं राहायचं ते ठरवत. कोणी तटावर, कोणी तबेल्यात, कोणी मुदपाकखान्यात, कोणी निरोप घेऊन पळायला. अगदी थोड्यांनाच ते घरी पाठवत.

एका गावात रखमाजी नावाचा जवान होता. अंगाने दणकट, कुस्तीत नाव काढलेला. पण त्याचा उजवा खांदा दोनदा निखळला होता. पहिल्यांदा आखाड्यात, दुसऱ्यांदा चिखलात रुतलेला बैल ओढताना. दोन्ही वेळा चिमाआत्याने तो बसवला. चिमाआत्या म्हणजे पंचक्रोशीतली हाडं बसवणारी म्हातारी, कोणाचीही भीड न ठेवणारी.

रखमाजी भरतीला निघाला तेव्हा तिने त्याला वाटेत गाठलं. खांदा जाग्यावर असला तरी त्याला धरून ठेवणाऱ्या शिरा सैल झाल्यात, जोराचा हिसका बसला की तो पुन्हा निखळणार, असं तिने बजावलं. तुझे पाय चांगले आहेत, वैद्याला सगळं सांग, तो तुला पायांचं काम देईल, असंही म्हणाली. रखमाजीने मान डोलावली आणि तो निघाला.

रखमाजीला आणि भरतीच्या इतर जवानांना घेऊन जाणारा हवालदार होता मानाजी. त्याने किल्लेदाराला शब्द दिला होता की, दोरपथकासाठी एकसे एक वीस पैलवान आणीन. दोरपथक म्हणजे कड्यावरून दोराने खाली उतरणारी माणसं. किल्ल्यावर त्यांच्याइतका मान कोणालाच नव्हता. विसातला एकही कमी झाला तर मानाजीचं नाक कापलं जाणार होतं.

किल्ल्याच्या शेवटच्या वळणावर त्याने सगळ्यांना थांबवलं.

"वैद्यबुवा खोदून खोदून विचारतील," तो म्हणाला. "तुम्ही एकच सांगायचं. काही नाही. 'हो' म्हणालात तर जन्मभर लीद काढाल. आणि दुखणं कोणाला नसतं?"

किती सहज बोलला तो. कड्यावर लोंबकळायची वेळ त्याच्यावर येणार नव्हती, म्हणून जीभ हलकी झाली होती.

वैद्यबुवांसमोर रांग लागली. रखमाजीच्या पुढे लुमाजी नावाचा माणूस होता. त्याने तलवारीवर हात ठेवला आणि सांगितलं की लहानपणीच्या तापात आपला डावा कान गेला, त्या बाजूचं काही ऐकू येत नाही. वैद्यबुवांनी त्याला शाबासकी दिली आणि तबेल्यात नेमलं. रांगेत हशा पिकला. कोणीतरी घोड्यासारखं खिंकाळलं. सदरेवर किल्लेदार बसला होता. त्यालाही हसू आलं आणि त्याने मिशीआड ते लपवलं.

रखमाजीने ते हसणं ऐकलं. त्याची पाळी आली.

वैद्यबुवांनी विचारलं. तो म्हणाला, काही नाही. त्यांनी त्याचे दोन्ही खांदे चाचपले, उजव्यावर बोट जरा जास्त वेळ ठेवलं आणि पुन्हा विचारलं.

"मला हाड दिसतं, बाळा," ते म्हणाले. "त्याच्यावर काय काय बेतलं ते दिसत नाही. ते तुझं तूच सांगायचं असतं. ह्या खांद्याचं काही?"

"काही नाही," रखमाजी म्हणाला.

वैद्यबुवांनी तसं लिहून घेतलं. रखमाजीला दोरपथकात घेतलं. गावाला निरोप गेला, गावाने हलगी वाजवली. चिमाआत्या तेव्हा दूरच्या वाडीवर कोणाचा तरी पाय बसवायला गेली होती. परत आल्यावर तिला एवढंच कळलं की पोराला किल्ल्यावर काम मिळालं. तिला वाटलं, पळायचं काम असेल.

दोरपथकात माणसं जोडीने काम करत. एकजण कमरेला दोर बांधून खाली उतरे, दुसरा वर पाय रोवून दोर खांद्यावरून घेऊन धरे. रखमाजीचा जोडीदार होता हैबती. वयाने मोठा, शांत, दोन मुलींचा बाप. कड्यावरची कोणती खाच पक्की, कोणता दगड दगा देणारा, हे सगळं त्याने रखमाजीला शिकवलं. स्वतःच्या शिदोरीतली भाकरी त्याला दिली.

एकदा सरावात रखमाजीचा खांदा अर्धा सरकला. तो पटकन एका खडकाआड गेला, दात खाऊन त्याने तो परत बसवला आणि घाम पुसत बाहेर आला. हैबतीने त्याचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला. काय झालं, असं त्याने विचारलं. ऊन लागलं, असं रखमाजीने सांगितलं.

इथे माझा राग अनावर होतो. वैद्यासमोर तो घाबरला, तेही एक वेळ समजून घेऊ. तिथे रांग होती, हसणारी तोंडं होती. पण खडकाआड कोणीच हसत नव्हतं. समोर एकटा हैबती उभा होता, काळजीने विचारत होता. तेवढं एक वाक्य त्याला सांगितलं असतं तर हैबती आजन्म आपल्या पायांवर चालला असता.

आठ दिवसांनी भर दुपारी टेहळ्याने खबर आणली. शत्रूच्या वाटाड्यांनी कड्याच्या मध्यावरच्या घळीत शिडी अडकवून ठेवली होती. ती ताबडतोब कापायला हवी होती. हैबतीने कमरेला दोर बांधला.

"धरशील ना?" त्याने नेहमीसारखं विचारलं.

"धरतो, दादा," रखमाजी म्हणाला.

हैबती घळीपर्यंतची अर्धी उतरण उतरला. तिथे त्याच्या पायाखालचा दगड सुटला. अशा वेळी दोर धरणाऱ्याला एक जबर हिसका बसतो. तो हिसका सोसण्यासाठीच वर माणूस ठेवलेला असतो. रखमाजीचा खांदा निखळला, हात लुळा पडला आणि दोर त्याच्या तळव्याची सालं काढत सुटला. हैबती घळीतल्या खडकावर पाठीवर आपटला.

दुसऱ्या जोडीने उतरून शिडी कापली आणि हैबतीला वर आणलं. तो जगला. पण कमरेखाली त्याला चटका दिला तरी कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रखमाजी गळ्यात हात बांधून त्याच्या खाटेपाशी गेला आणि रडत रडत त्याने सगळं सांगितलं. हैबती आढ्याकडे बघत ऐकत राहिला.

"तुझा खांदा निखळला त्याचा मला राग नाही," तो म्हणाला. "तो कोणाचाही निखळेल. मी दर वेळी उतरायच्या आधी तुला विचारत होतो. तू दर वेळी हो म्हणालास. जा इथून."

किल्लेदाराने सदरेवर सगळ्यांना बोलावलं. मानाजी हवालदार पुढे होऊन म्हणाला की ह्या पोराने आपल्याला फसवलं, आपल्याला काहीच माहीत नव्हतं. रखमाजीने वळणावरचं सगळं सांगितलं. मानाजीने साफ कानावर हात ठेवले.

तेवढ्यात चिमाआत्या आली. बातमी ऐकून ती तडक निघाली होती आणि ती चढण तिने काठी टेकत चढली होती. तिने आधी रखमाजीला गाठलं.

"दोनदा बसवला मी तो खांदा," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा बसवते, कारण ते माझं काम आहे. त्या माणसाची पाठ मला बसवता येत नाही. ती कोण बसवणार, सांग."

मग ती मानाजीकडे वळली, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि किल्लेदारासमोर जाऊन उभी राहिली.

"किल्लेदार, खरं बोलणारा माणूस तुमच्यासमोर तबेल्यात गेला, तेव्हा लोक हसले म्हणे. तुम्ही इथेच बसला होतात. दरडावलंत का कोणाला?"

किल्लेदाराची मान खाली गेली. मग किल्लेदाराने दोरपथकातल्या बाकीच्या माणसांना विचारलं की तुमच्यापैकी किती जण वैद्यबुवांशी खोटं बोलले. मग एक हात वर झाला. मग दुसरा. शेवटी सात हात वर होते आणि सातही जण म्हणाले की मानाजीनेच तसं शिकवलं होतं.

वैद्यबुवांनी भरतीची वही आणून उघडली. आपल्या अक्षरात आपण सात सोबत्यांचे सात घात लिहून ठेवले, असं ते म्हणाले आणि त्यांनी ती पानं सगळ्यांसमोर फाडली.

मानाजीचं हवालदारपद गेलं, त्याला किल्ल्याखाली उतरवण्यात आलं. सातही जणांची हकिगत नव्याने लिहून घेतली आणि प्रत्येकाला त्याला झेपेल ते काम दिलं. त्या वेळी कोणी हसलं नाही, कारण हसणाऱ्याला त्याच दिवशी किल्ल्याबाहेर काढायचा हुकूम झाला होता. रखमाजीचं नाव मात्र कायमचं खोडलं गेलं. देहाने तो निरोप्याच्या कामाला अजूनही चालला असता, पण ज्याच्या 'हो' वर कोणी जीव टांगू शकत नाही त्याच्या हाती निरोप कसा द्यायचा, असं किल्लेदार म्हणाला.

त्यानंतर रखमाजी दर आठवड्याला डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन हैबतीच्या घरी जात असे. हैबतीची बायको सगुणा मोळी उतरवून घेई आणि दार लावून घेई. वर्षानुवर्षं तिने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. एकदा शेजारणीने तिला म्हटलं की बिचारा पस्तावलाय, आता तरी त्याला माफ कर.

"पस्तावू दे की," सगुणा म्हणाली. "तो पस्तावतोय तोवर मी नवऱ्याची कूस बदलते."

आणि ती आत निघून गेली, कारण हैबतीची कूस बदलायची वेळ झाली होती.

तात्पर्य: जो आपल्या देहाचं खरं लपवून पहाऱ्यावर उभा राहतो, तो शत्रू यायच्या आधीच आपल्या सोबत्याचा घात करतो, आणि जो खरं बोलणाऱ्याला हसतो, त्याचाही त्या घाताला हात लागलेला असतो.