मुंगसांचे सुके अन्न

एकदा एका माळावरच्या गावी मुंगसे पाळणारा एक वृद्ध राहत असे. ती हौसेची मुंगसे नव्हती, कामाची होती. त्या प्रदेशात धान्य जमिनीखाली, पेवात साठवण्याची रीत होती. मुरमात खोल खड्डा खणावा, आतून कडब्याचे अस्तर द्यावे, धान्य भरावे आणि तोंड दगडमातीने लिंपून टाकावे. परंतु कितीही काळजीपूर्वक लिंपले, तरी उंदीर कुठून तरी वाट काढीतच, आणि उंदरांच्या मागोमाग साप येत. म्हणून पेव उघडले की ते एक दिवस मोकळे ठेवीत, दुसऱ्या दिवशी आत दिवा सोडून हवा पारखीत आणि मग टोपलीत बसवून वृद्धाचे मुंगूस खाली उतरवीत. मुंगूस आपले काम उरकून शांतपणे वर आले, तरच माणूस आत पाय ठेवी.

वृद्धाजवळ एक शिष्य होता. त्याने तिशी ओलांडली होती. त्याचा थोरला भाऊ असेच एक पेव न पारखता आत उतरला होता आणि सर्पदंशाने गेला होता. तेव्हापासून हा वृद्धाच्या दारी विद्या मागत राहिला होता. वृद्धाने त्याला ठेवून घेतले. आता वृद्धाची दृष्टी मंदावत चालली होती. आपल्यामागे ही विद्या या शिष्याच्या स्वाधीन करावी, की मुंगसे रानात सोडून देऊन ती इथेच संपवावी, एवढाच निर्णय त्याला घ्यावयाचा उरला होता, आणि शिष्याला हे ठाऊक होते.

शिष्याची एक अडचण होती. तो शाकाहारी घरात वाढलेला होता. मुंगसांना रोज सकाळी कच्चे मांस द्यावे लागे. ते आणावे, बारीक कापावे, एकेक तुकडा हाताने भरवावा, उरलेले दूर नेऊन पुरावे. शिष्य हे सर्व नेमाने करी. मात्र करताना श्वास रोखून धरी आणि नंतर डोक्यावरून स्नान केल्यावाचून पाण्याच्या घागरीला शिवत नसे.

एके दिवशी एक व्यापारी बैलगाडीतून पोती घेऊन गावात आला. पोत्यांत ज्वारीचे पीठ आणि सुकवलेल्या मासळीचा भुगा मळून, वळून, उन्हात कडक वाळवलेल्या सुपारीएवढ्या गोळ्या होत्या. दूरच्या कोठारांतली मुंगसे यावरच राहतात, असे तो सांगू लागला. वास नाही, माशा नाहीत, रक्त नाही. वाडगे भरून ठेवले की चार दिवस पाहावे लागत नाही. शिष्य मांस कापीत होता, तिकडे पाहून व्यापारी हसला आणि म्हणाला, “म्हातारबाबा, आमच्याकडे जावई आला तरी इतकं ताजं रांधत नाहीत हो.”

“जावयाला पेवात कुठे उतरायचं असतं?” वृद्ध म्हणाला.

व्यापारी मोठ्याने हसला. शिष्य हसला नाही. त्याने वृद्धाला हळूच विनवले, की निदान पारखून तरी पाहावे. वृद्ध रागावेल असे त्याला वाटले होते. पण वृद्धाने एक पोते उतरवून घ्यायला सांगितले. चार मुंगसांपैकी दोन त्याने शिष्याच्या हवाली केली. ती दोन्ही सुक्या गोळ्यांवर राहतील आणि त्यांच्याकडे शिष्यच पाहील. उरलेली दोन पूर्वीप्रमाणे मांसावर राहतील आणि त्यांना वृद्ध स्वतः भरवील, असे ठरले.

पंधरवडा गेला, महिना गेला. शिष्याची मुंगसे उत्तम दिसत होती. त्यांचे केस फुगून चकाकत, पिंजऱ्याला दुर्गंधी नव्हती, आणि दर चौथ्या दिवशी वाडगी पाहावीत तो स्वच्छ रिकामी झालेली असत. शिष्य ती पुन्हा काठोकाठ भरी. इकडे वृद्ध थरथरत्या हातांनी मांस कापी आणि कधी स्वतःचे बोटही कापून घेई. शिष्याला त्याची कीव येई. एकदा न राहवून तो म्हणाला, “बाबा, आता तरी पुरे करा. फरक डोळ्यांना दिसतोय.”

वृद्ध म्हणाला, “मला दिसत नाही बाबा. तूच पाहा.”

पुढे वैशाखात शेजारच्या गावाहून बोलावणे आले. बियाण्याचे पेव उघडायचे होते. या वेळी मुंगूस कोणते न्यायचे ते शिष्याने ठरवावे, असे वृद्धाने सांगितले. शिष्याने आपल्या दोहोंपैकी मोठे निवडले. कामाच्या आदल्या दिवशी अर्धेच पोट द्यावे, हा नियम त्याला पाठ होता. भरल्या पोटी मुंगूस पेवातच झोपते आणि उपाशी पोटी मारलेले तिथेच खात बसते. त्याने वाडगे अर्धे भरले आणि निघताना मुंगूस थेट टोपलीत घातले.

दिवा खाली सोडला. तो विझला नाही. टोपली खाली गेली. काठावर गावचे लोक जमले होते. आत कडबा खसखसला, फूत्कार ऐकू आला, मग झटापट सुरू झाली. नेहमी ती चार श्वासांत संपत असे. या वेळी ती संपेना. धडपड थांबे, पुन्हा सुरू होई, जणू धरलेले पुन्हापुन्हा निसटत होते. शेवटी सर्व शांत झाले. शिष्याने टोपली हलवली, शीळ घातली. काहीही वर आले नाही. आकड्याने ओढून काढले तेव्हा मुंगसाच्या अंगात प्राण नव्हता, आणि नाग अजून आतच होता.

त्या दिवशी पेव पुन्हा लिंपून टाकण्यात आले. वृद्ध आणि शिष्य परत निघाले, तेव्हा त्यांना वेशीपर्यंत सोडायला कोणी आले नाही.

घरी आल्यावर वृद्धाने मृत मुंगूस मांडीवर घेतले आणि शिष्याचे बोट धरून त्याच्या जबड्याखाली लावले. तिथे बोराएवढी गाठ होती. तोंड उघडले, तेव्हा उजव्या सुळ्याच्या मुळाशी पू साचलेला होता. तो एका दिवसाचा नव्हता. नंतर वृद्धाने शिष्याचा हात मुंगसाच्या कुशीवरून फिरवला. फुगलेल्या केसांखाली नुसत्या बरगड्या होत्या. मग त्याने पिंजऱ्यातले गवत उचलायला सांगितले. गवताखाली सुक्या गोळ्यांचा ढीग होता. मुंगसाने वाडग्यातली एकेक गोळी उचलून नेली होती, चावता आली नव्हती म्हणून दडवून ठेवली होती.

शिष्याने त्या गोळ्या एकेक करून वेचून काढल्या. संध्याकाळी त्याने अंगणाच्या कडेला खड्डा खणून मुंगसाला मूठमाती दिली. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो मांस घेऊन आला आणि सुरी घासू लागला. उरलेले पोते ओढ्यात ओतून द्यावे, असे त्याने ठरवले होते. पण पाहतो तो वृद्ध पोते उघडून बसला होता. जी दोन मुंगसे महिनाभर मांसावर होती, त्यांनाही तो सुक्या गोळ्याच देत होता. एक गोळी तळहातावर ठेवी, मुंगूस ती उचलून फोडून खाईपर्यंत थांबे, मगच दुसरी ठेवी.

शिष्याने सुरी बाजूला ठेवली. “बाबा, ज्यानं एक मेलं, तेच तुम्ही यांना भरवताय?”

वृद्धाने हात मागे घेतला नाही. “गोळीनं ते मेलं नाही,” तो म्हणाला. “ज्याचे दात धड आहेत त्याला ही पुरते. मांस संध्याकाळपर्यंत नासतं, म्हणून सकाळी उठून यावंच लागतं. ते कापावं लागतं, घास धरून बसावं लागतं. कोण झडप घालतो आणि कोण नुसता हुंगून मागे सरतो, ते बसल्याबसल्या कळतं. तुला त्या कामाची किळस होती. ते सुटलं तेव्हा तुला वाटलं, घाण तेवढी गेली. तुझं येणंही त्याबरोबर गेलं, हे तुझ्या ध्यानात आलं नाही.”



“आणि मी शहाणा आहे असं समजू नकोस,” वृद्ध पुढे म्हणाला. “मला दिसत नसलं तरी ऐकू येतं. चार-चार दिवस तुझी पावलं तिकडे वाजत नव्हती. मी गप्प राहिलो. म्हटलं, ठेच लागेल तेव्हा शिकेल. ठेच तुला लागली, जीव त्याचा गेला. धडा मी द्यायला निघालो आणि किंमत त्या मुक्यानं दिली. हे पाप अर्धं माझं.”



दुपारी शेजारच्या गावाहून माणूस आला. पेरणी तोंडावर आली होती, बियाणे आत अडकले होते; उद्याच दुसरे मुंगूस घेऊन या, असा निरोप होता. वृद्धाने शिष्याकडे तोंड वळवले.

शिष्य उठला. त्याने आपले उरलेले मुंगूस मांडीवर घेतले, अंगठ्याने जबडा उघडला, प्रत्येक दात बोटाने हलवून पाहिला, बरगड्या मोजल्या. मग वृद्धाच्या दोन्ही मुंगसांचेही तसेच केले. त्यांतल्या एकाची हिरडी लाल दिसली. दुसऱ्याच्या पंजात काटा मोडून राहिला होता. त्याचे स्वतःचे मुंगूस निरोगी होते, परंतु ते मांडीवर बसूनही थरथरत होते. सोबत्याच्या जाण्यानंतर त्याने काही खाल्लेले नव्हते.

“आठ दिवस थांबावं लागेल,” त्याने निरोप्याला सांगितले. निरोप्या चिडला. तुझ्यामुळेच ही वेळ आली, असे त्याने तोंडावर सुनावले, आणि ते खरेच असल्यामुळे शिष्याने ते ऐकून घेतले. पण शब्द फिरवला नाही.

माणूस निघून गेल्यावर वृद्ध भिंतीला धरून उठला. टोपली, आकडा आणि शीळ घालायची नळी त्याने शिष्यासमोर आणून ठेवली आणि आत जाऊन पडून राहिला. शिष्याने त्या वस्तूंना हात लावला नाही. सकाळी आणलेल्या मांसाचा तुकडा तळहातावर ठेवून तो थरथरणाऱ्या मुंगसापुढे हात धरून बसून राहिला. ऊन उतरेपर्यंत त्या हातावरचा घास कोणी उचलला नव्हता, आणि त्याने हात मागे घेतला नव्हता.