मुका नगारा

फार मागे, आज कुणाच्या आठवणीत नाही अशा काळी, एका नदीवर दोन राज्ये होती. एक वर डोंगरात, एक खाली मैदानात.

उन्हाळ्यात पाणी आटले की खालची माणसे नदीच्या वाळूत टरबुजांच्या वाड्या लावत. बायकापोरांसह तिथेच खोपटात राहत. वर पाऊस झाला की डोंगरावरचा हैबती नगारची नगारा बडवी आणि खाली वाळू रिकामी होई. म्हणून हंगामाचे पहिले टरबूज हैबतीला जाई. राजे बदलले, ही रीत बदलली नाही.

मग डोंगरात बंड झाले. हरलेले बंडखोर खालच्या राजाच्या जंगलात शिरले. राजाने त्यांना धान्य दिले, भाले दिले. शेजारी दुबळा झालेला त्याला हवाच होता.

डोंगरच्या राजाचा जासूद आला. "आमची माणसे आमच्या हवाली करा."

राजा हसला. "जंगल मोठे आहे. कोण कुठे बसलाय, मला काय ठाऊक?"

जंगलातून कोणी वर चढले तरी हाच नगारा वाजे आणि डोंगरची फौज सावध होई. म्हणून बंडखोरांनी जंगलाच्या तोंडाशी, नगाऱ्याच्या चौकीत बसलेल्या हैबतीला मारले. भाले खालच्या राजाचेच होते. डोंगरच्या राजाने नवा नगारची न बसवता ती चौकीच बंद केली.

वाड्यांचा पाटील दरबारात धावला. त्याची सून आणि नातू वाळूतच होते.

"महाराज, नगारा मुका झाला. त्या लोकांना हाकला, वरच्यांची समजूत काढा."

"भितोस काय पाटला? आपला नगारा इथे ठेवू."

"इथे पाणी दिसते तेव्हा ते उशाला आलेले असते, महाराज."

"आभाळ कोरडे आहे. जा, टरबुजे राख."

पाटलाने वाळू सोडा म्हणून सगळ्यांना विनवले. फळे भरत आली होती. कोणी उठेना. सूनही उठली नाही.

चौथ्या दिवशी, लख्ख उन्हात, नदी लाल होऊन आली. पाटील ओरडत पाण्यात शिरला. नातू हाती लागला, सून लागली नाही. सदतीस माणसे गेली.

राजाने घाईने बंडखोर पकडले आणि बांधून वर पाठवले. सोबत टरबूज द्यावे म्हटले, तर राज्यात एकही उरले नव्हते.

वरून निरोप आला, "माणसे पोचली. नगाराही जागेवर आहे. पण तुमच्या जंगलाच्या तोंडाशी बसायला आमचा कोणी तयार नाही."

त्या वाळूत पुन्हा वाडी लागली नाही.

शेजाऱ्यावर उठलेले बंड जो आपल्या घरात पोसतो, तो आपलाच पहारेकरी मारतो.