साल द्या हो, साल!

एक होतं गांडूळ. इवलंसं, गुलाबी. जुईच्या गॅलरीत, मातीच्या कुंडीत राहायचं. वरून रोज साली पडायच्या. बदाबद! गांडूळ खायचं. पिल्लं खायची. माती मऊ मऊ व्हायची.

मग घरात पाकिटं आली. फाडलं फर्रर्र, ओतलं गरम पाणी, झालं जेवण! पाकिटाला कसली आली साल? कुंडी रिकामी. पिल्लं लागली रडायला.

गांडूळ निघालं. सुळुक सुळुक. गेलं सुरीकडे.
"सुरीताई, सुरीताई, साल दे ना. साल मिळेना, पिल्लं उपाशी!"
"दोडका हलेना. मी काय सोलू? जा!"

सुळुक सुळुक. गेलं दोडक्याकडे.
"दोडकेदादा, सुरी सोलेना, साल मिळेना, पिल्लं उपाशी!"
"शेगडी पेटेना. मी कशाला हलू? जा!"

सुळुक सुळुक. गेलं शेगडीकडे.
"शेगडीमावशी, दोडका हलेना, सुरी सोलेना, साल मिळेना, पिल्लं उपाशी!"
"आई शिजवेना. मी कशाला पेटू? जा!"

सुळुक सुळुक. गेलं जुईच्या आईकडे.
"जुईच्या आई, शेगडी पेटेना, दोडका हलेना, सुरी सोलेना, साल मिळेना, पिल्लं उपाशी!"
"दमले रे बाबा. डबा सांगेना. मी काय शिजवू? जा!"
पाकिटं फाडायला बरे हात चालतात!

ओट्यावर होता बोलका डबा. गोल गोल, काळा काळा. काय खायचं, ते म्हणे तोच सांगणार. सुळुक सुळुक. गेलं डब्याकडे.
"डबेराव, आई शिजवेना, शेगडी पेटेना, दोडका हलेना, सुरी सोलेना, साल मिळेना, पिल्लं उपाशी!"
"टिंग! जुई 'नको' म्हणेना. मी कशाला सांगू? जा!"

सुळुक सुळुक. गेलं जुईकडे. बिचारं दमलं.
"जुईबाळ, डबा सांगेना, आई शिजवेना, शेगडी पेटेना, दोडका हलेना, सुरी सोलेना, साल मिळेना, पिल्लं उपाशी!"

जुईपुढे पाकिटातल्या शेवया. रोज रोज त्याच! जुईने वाडगा ढकलला.
"नक्को!"

जुई 'नको' म्हणाली. डबा सांगू लागला, "टिंग! दोडक्याची भाजी करा." आई उठली. शेगडी पेटली, भक्क! दोडका आला, गडगड गडगड. सुरी सोलू लागली, खर्र खर्र. हिरव्या हिरव्या साली पडल्या. गांडूळ हरखलं. आता पिल्लं जेवणार!

तेवढ्यात डबा बोलला, "टिंग! साली टाकू नका. चटणी करा. पृथ्वी वाचवा!"
"अगं बाई, खरंच की!" आई म्हणाली.

साली गेल्या तव्यावर. चर्रर्र! तीळ पडले. मीठ पडलं. जुईने चटणी चाटली. आईने चाटली. मिटक्या मारत!
"बघ जुई, काही म्हणजे काही वाया गेलं नाही!"

आणि गांडूळ? दारोदार फिरलं कोण? सगळ्यांना हलवलं कोण?

आईने कुंडीत देठ टाकला. एकच. टप्!
"घे रे, हा तुझा वाटा."

देठ कडू कडू. गांडुळाने तुकडे केले. पिल्लांना वाटले. पिल्लांनी तोंडं वाकडी केली. तरी खाल्ले. करतात काय?

चटणी सरली, गोष्ट सरली,
पिल्लांची भूक तेवढी उरली.