वर्षाचं खेचर

कोण म्हणतो मोबाईलवरच्या दुकानाची वर्षाची मेंबरशिप घेणारी बाई उधळीच असती? आमचा दाजी? त्यानं जन्मात कधी घरात मीठ तरी आणलंय का! तो इथं न्हाई म्हणून बरं. तुम्ही ऐका.

लई जुनी गोष्ट. डोंगरमाथ्यावर एक वाडी होती अन् बाजार खाली, घाट उतरून. जाऊन यायला आख्खा दिवस मोडायचा. वाडीत घोंगडी विणणारी एक बाई राहायची. घरात ती अन् सासू, दोघीच. सासूच्या पायाचं हाड मोडलेलं. बाई बाजाराला गेली की म्हातारी एकटी. एकदा पाण्यासाठी सरपटत गेली, चुलीवर कलंडली, हात भाजला.

त्याच सुगीला खालचा दुकानदार वर आला. म्हणला, “वर्षाला दोन पायल्या जोंधळा द्या. रोज सकाळी माझं खेचर दारात येईल. सांगाल ते सामान सांजेला पोचतं करीन. सामानाचं दाम तेवढं द्या, आणायचं वेगळं काय घेणार न्हाई.”

बाईनं कणगीत हात घातला. सासू वरडली, “अगं, खायचं दाणं देतीस व्हय? मरंना का मी एकटी!”

“आत्या, गप पडा. तुमच्यापेक्षा जोंधळा जड न्हाई मला.”

वाडीतल्या पाटलीणबाईनंबी दोन पायल्या दिल्या. मग काय, सोमवारी फणी, मंगळवारी चाळण, बुधवारी आणखी एक चाळण. म्हणायची, “फुकट येतंय की!”

घोंगडीवाली म्हणली, “खेचर फुकट आलं, चाळण न्हाई आली.”

तिचा आपला एकच नेम. ज्या वस्तूसाठी स्वतःच्या पायानं घाट उतरली असती, तेवढीच मागवायची. मीठ, तेल, लोकर. बाकी दिवसभर ती मागावर अन् शेजारी म्हातारीचं खाटलं. त्या साली सहा घोंगड्या जास्त निघाल्या.

वर्ष सरलं. दुकानदार आला. पाटलिणीच्या कणगीचा तळ दिसाय लागलेला. ती त्याच्यावरच धावली, “लुटलंस मला!”

“मी कुठं म्हणलो चाळणी घ्या?” मग तो घोंगडीवालीकडं वळला. “तुम्ही तर पुन्हा घेणारच.”

“न्हाई.”

“का? खेचर कधी चुकलं?”

“लई गुणाचं तुझं खेचर. माझं घर सांभाळलं त्यानं. पण ते बघ.”

म्हातारी काठी टेकत, आपल्या पायानं उंबरा उतरत होती.

“एका पायलीत देतो!”

“नको. आत्या वर्षभर पडून होत्या. लुगडं त्यांना स्वतः बघून घ्यायचंय.”

अन् दोघी सासू-सुना, बसत-उठत, घाट उतराय लागल्या. काय बाई होती! घेताना कुणाला विचारलं न्हाई, सोडताना कुणाला भ्याली न्हाई.

तात्पर्य: वर्षाचे पैसे भरणं शहाणपणाचं का खुळेपणाचं, ते दुकानदार सांगत नसतो. आपल्या घराची नड सांगती.

नुसत्या माना हलवू नका. मोबाईल काढा, वर्षभर काय काय मागवलं ते वाचा, अन् मेंबरशिप ठेवायची का बंद करायची ते आत्ताच्या आत्ता ठरवा.