गाडी नसलेला फोटो

भुसावळच्या एका हौशी मंडळाने रेल्वे-छायाचित्र स्पर्धेसाठी ‘निरोप’ हा विषय दिला होता. बक्षीस होतं हव्या त्या गावाचं जाण्या-येण्याचं तिकीट. शुभदा भंगाळेच्या मनात गाव एकच, कटनी. नवऱ्याची तिकडे बदली होऊन सात महिने झाले होते.

तिच्या फोटोत नुसते रिकामे रूळ होते आणि फलाटावर हात हलवणारी तिची तीन वर्षांची लेक जुई. पोरीला सावरता सावरता बटण दाबायला उशीर झाला, हे शुभदाला पक्कं ठाऊक होतं. फोटो पाठवल्यापासून ती स्वतःलाच बोल लावत होती.

निकालाच्या दिवशी परीक्षक वराडे साहेबांनी सगळ्यांदेखत तिचा फोटो उंच धरला. “बाई, रेल्वेच्या स्पर्धेत गाडीच विसरलात?”

लोक हसले. शुभदाची नजर फोटोतल्या जुईच्या हातावर गेली.

“साहेब, गाडी उभी असते तोवर माणूस खिडकीत दिसत असतो. निरोप कळतो तो गाडी गेल्यावर.”

साहेबांनी टेबलावरचे बाकीचे फोटो पाहिले. सगळ्यांत गाड्या उभ्या होत्या. त्यांनी तिकिटाचा अर्ज पुढे ओढला.

“जाण्याची तारीख?”

“उद्याची.”

“आणि येण्याची?”

“ती तेवढी कोरी ठेवा, साहेब.”