साळिंदरांच्या पंगतीतली रिकामी जागा

फार पूर्वी एका डोंगराच्या कपारीत साळिंदरांची जमात राहत असे. जेवायला सगळी गोल करून बसत, तोंडं आत आणि काटे बाहेर. त्या गोलात एक जागा मात्र रोज रिकामी ठेवत. ती जमातीच्या मूळ आजीची. तिच्यापुढे एक कंद ठेवायचा, सगळ्यांनी मिळून तिला हाक घालायची आणि मगच जेवायचं, अशी रीत होती. तो कंद नंतर मुंग्या खात.

एका उन्हाळ्यात पलीकडच्या रानात वणवा लागला. सांजेला एक अनोळखी साळिंदरीण कपारीच्या तोंडाशी आली. तिचे काटे जळून गेले होते.

"आत घ्या हो मला. कालपासून पोटात काही नाही," ती म्हणाली.

"बाई, आमचा गोल हाच आमचा कोट," म्होरक्या भाल्या म्हणाला. "बिनकाट्याची बसली, तर तिथूनच तरस शिरेल."

"आणि रिकाम्या जागेतून नाही का शिरत?" म्हातारी तुरंगी पुटपुटली.

"आत्या, ती जागा आजीची आहे! चला, हाक घाला."

सगळ्यांनी नेहमीचा सूर लावला, "ये गं आजी, आलीस तशी ये. भाजल्या पाठीनं ये, रित्या पोटानं ये..."

एकेक आवाज थांबत गेला. शेवटी भाल्या एकटाच म्हणत राहिला, आणि मग तोही गप्प झाला. पाहुणी मान खाली घालून परत निघाली होती.

"थांब," भाल्या म्हणाला. आपले काटे अंगाशी मिटून त्याने तिला आत यायला वाट दिली.

त्या दिवशी मुंग्यांना काहीच उरलं नाही.